पोरीला वेळ का लागला?

देवनारहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्या आणि व्याजाचा हिशेब यावर बोललो होतो. आजही हिशेबच आहे, पण रुपयांचा नाही, मिनिटांचा आणि सेकंदांचा.

झालं असं, की आमच्या महिन्याच्या सभेत हप्ते गोळा करून झाले, कर्जाचे दोन अर्ज वाचून झाले आणि उठायच्या वेळेला आमच्यातल्या एका ताईने पिशवीतून एक कागद काढला. तिची मुलगी आठवीत आहे. शाळेत मुलांची टॅबवर परीक्षा घेतली होती, तिचा निकाल होता तो. शाळेचं नाव आम्ही घेणार नाही, कारण अशी परीक्षा आता बऱ्याच ठिकाणी होते आणि असे कागदही बऱ्याच घरांत येतात. बारा प्रश्न, तीस मिनिटं. बारापैकी सात बरोबर. प्रत्येक प्रश्नासमोर दोन आकडे छापलेले होते, मुलीला किती वेळ लागला आणि वर्गाला सरासरी किती लागला. चौथ्या प्रश्नासमोर वर्गाची सरासरी होती 2 मिनिटं 10 सेकंद आणि या मुलीचा वेळ होता 6 मिनिटं 20 सेकंद. सगळ्यात खाली एकच शेरा, ‘गती कमी’.

ताईच्या नवऱ्याने तो शेरा वाचला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे, हे त्याने पाहिलं नाही. तो म्हणाला, पोरीचं डोकं चालत नाही, उगाच फी कशाला घालवायची, पुढच्या वर्षीपासून शिवणक्लासला घाला. क्लासवाल्या बाईंशी त्याचं बोलणंही झालं होतं. शिवण वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, आमच्यातल्या चौघींची घरं मशीनवर चालतात. पण दोन शब्दांच्या शेऱ्यावरून आठवीतल्या पोरीची शाळा सुटावी, हे कुणालाच पटलं नाही. म्हणून आम्ही ठरवलं, हा वेळेचा आकडा असतो काय, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी समजून घ्यायचं.

आधी परीक्षा कसली होती ते बघू. आपल्या वेळी प्रश्न कागदावर असायचा, चारातलं एक उत्तर निवडायचं किंवा गाळलेली जागा भरायची. या टॅबवरच्या परीक्षेत काही प्रश्न वेगळे असतात. पडद्यावर एक वस्तू दिसते, ती बोटाने हलवायची, बदलायची, काय होतं ते बघायचं आणि मग उत्तर द्यायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. आम्ही त्याला लुटुपुटूचा प्रयोग म्हणतो. शिवणक्लासला गेलेल्या बायांना हे लगेच कळेल. पहिले काही दिवस मशीनमध्ये दोरा घालत नाहीत, कागदावर रेघा मारून देतात आणि त्यावर नुसती सुई चालवायला लावतात. कापड वाया जात नाही आणि हात बसतो. हे तसंच आहे, फक्त कागदाच्या जागी पडदा.

पण एक मोठा फरक आहे. कागदावर सुई चालवताना तुम्ही कुठे थांबलात, किती वेळा उसवून परत घातलंत, हे शिकवणाऱ्या बाईंच्या डोळ्यांनाच दिसतं, आणि त्यांचं लक्ष असेल तरच. टॅब सगळं लिहून ठेवतो. मुलाने पहिलं बोट कधी लावलं, काय हलवलं, किती वेळ नुसतं बघत बसलं, मागे किती वेळा गेलं, उत्तर कधी दाबलं. गटाच्या सभेचं इतिवृत्त असतं ना, तसं हे दर सेकंदाचं इतिवृत्त. घरी आलेल्या कागदावर त्यातला फक्त एक आकडा आला होता, एकूण वेळ. इतिवृत्तातून फक्त ‘सभा दोन तास चालली’ एवढंच कुणी वाचून दाखवलं, तर त्यावरून सभेत भांडण झालं की कर्जवाटप झालं, हे कळेल का?

आता चौथा प्रश्न. पडद्यावर एक सी-सॉ होता, बागेत मुलं वरखाली बसतात तो. डाव्या बाजूला मध्यापासून एक मीटरवर दहा किलोची वीट ठेवलेली. उजव्या बाजूला पाच किलोची वीट कुठे ठेवली तर फळी आडवी राहील, ते प्रयोग करून शोधायचं. उत्तर दोन मीटर. निम्मं वजन, दुप्पट अंतर. आपल्या शाळेच्या पुस्तकात तरफ, टेकू, भार असं जे शिकवतात, तेच हे.

मुलीला आम्ही सभेत बोलावून घेतलं. रागावायला नाही. तिला विचारलं, सहा मिनिटं तू काय करत होतीस ते सांग. आधी बोलेना. मग दप्तरातून कच्चं पान काढलं. त्यावर तिने लिहिलं होतं, पाव मीटरवर वीट, डावी बाजू खाली. अर्ध्या मीटरवर, डावी खाली. असं पाव-पाव मीटरने पुढे सरकत सरकत ती दोनवर पोचली. तिथे फळी आडवी झाली. पण ती तिथेही थांबली नाही, आणखी पाव मीटर पुढे ठेवून बघितली, तर उजवी बाजू खाली गेली, म्हणजे दोनच बरोबर. नऊ वेळा वीट ठेवली तिने, आणि दर वेळी फक्त अंतर बदललं, दुसरं काही नाही.

आणखी एक गोष्ट ती हळूच म्हणाली. सातवीपर्यंत ती मराठीतून शिकली, यंदा सेमी इंग्रजीत गेली आहे. प्रश्नात फल्क्रम असा शब्द होता. तो तिला अडला. टेकू म्हटलं असतं तर क्षणात कळलं असतं. तो शब्द काय असेल, या विचारातच पहिलं दीड मिनिट गेलं, असं तिचं म्हणणं.

म्हणजे सहा मिनिटं वीस सेकंदांत भाषेचा वेळ होता, हाताने करून बघायचा वेळ होता आणि खात्री करायचाही वेळ होता. कागदावर तिन्ही मिळून एकच आकडा झाला आणि त्याला नाव पडलं ‘गती कमी’.

हे वेळ मोजायचं काम जगात बरीच माणसं गंभीरपणे करतात आणि त्यांना काय सापडलं ते ऐकण्यासारखं आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची परीक्षा अनेक देशांत काही वर्षांनी होते. 2012 सालच्या परीक्षेत कॉम्प्युटरवर एक प्रश्न होता. घरात नवीन एसी आलाय, सोबत माहितीचा कागद नाही. तीन बटणं सरकवायची आहेत. कुठल्या बटणाने हवा गार-गरम होते आणि कुठल्याने हवेतला दमटपणा बदलतो, ते शोधा. भारत त्या वर्षीच्या परीक्षेत नव्हता. पण 44 देश-प्रदेशांतल्या सोळा हजारांवर मुलांच्या नोंदी ग्राइफ नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर उघडून बघितल्या आणि 2015 साली त्यावर लिहिलं. उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांनी बटणं कशी सरकवली ते त्यांनी बघितलं. ज्या मुलांनी एका वेळी एकच बटण हलवलं आणि बाकीची दोन जागच्या जागी ठेवली, ती मुलं या प्रश्नात तर पुढे होतीच, त्या विषयाच्या बाकीच्या प्रश्नांतही पुढे होती.

आपल्या स्वयंपाकघरात हेच चालतं की. आमटी बिघडली आणि तुम्ही एकदम मीठ, चिंच, पाणी तिन्ही घातलं, तर सुधारली तरी कशाने सुधारली ते कळणार नाही. एक घालून चव बघायची, मग दुसरं. आता हे करायला वेळ जास्त लागतो. आमच्या पोरीने नेमकं हेच केलं होतं, आणि तिला पिसाचं नावही माहीत नाही.

जर्मनीत मोठ्या माणसांच्या, म्हणजे सोळा ते पासष्ट वयाच्या लोकांच्या चाचणीवर 2014 साली गोल्डहॅमर आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला होता. नुसतं वाचून उत्तर द्यायच्या प्रश्नात ज्यांना जास्त वेळ लागला, त्यांची उत्तरं जास्त चुकली. पण कॉम्प्युटरवर काहीतरी करून सोडवायच्या प्रश्नात उलटं दिसलं, जास्त वेळ देणाऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. सोप्या, सवयीच्या कामात वेळ लागला तर सवय नाही असं धरता येतं. अवघड, नव्या कामात वेळ लागला तर माणूस मन लावून करतंय असंही असू शकतं. म्हणून सगळ्या प्रश्नांना एकच घड्याळ लावून चालत नाही.

मात्र जास्त वेळ म्हणजे जास्त हुशारी, असंही कुणी समजू नका. फिनलंडमध्ये नववीच्या मुलांच्या अशाच लुटुपुटूच्या प्रयोगांचा अभ्यास झाला, त्यात अगदी कमी वेळ देणारी आणि फारच जास्त वेळ घेणारी, दोन्ही टोकांची मुलं मागे पडलेली दिसली. मधली बरी होती. मूल अडकून बसलं, तीच चूक परत परत करत राहिलं, तरी घड्याळ पुढे सरकतच राहतं.

आता दुसरं टोक, फार घाई. हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण कागदावर ‘गती चांगली’ असा शेरा असलेली मुलं तिथे लपलेली असू शकतात. अमेरिकेत स्टीव्हन वाइज आणि शाओजिंग काँग या दोघांनी 2005 साली कॉम्प्युटरवरच्या परीक्षेतल्या वेळेचा अभ्यास केला. काही विद्यार्थ्यांनी काही प्रश्नांना इतक्या लवकर उत्तर दिलं होतं, की तेवढ्या वेळात प्रश्न वाचूनही होणार नाही. ती उत्तरं बरोबर यायचं प्रमाण डोळे मिटून बोट ठेवल्याइतकंच होतं. थोडक्यात, तुक्का. मग असे तुक्के ओळखायला त्यांनी मोजमाप बसवलं. पुढे वाइज यांनीच दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर एक सोपा नियम सुचवला, सगळ्यांना सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी वेळात उत्तर आलं, तर तो तुक्का धरायचा. एखाद्या प्रश्नाला सगळ्यांना साठ सेकंद लागत असतील आणि कुणी पाच सेकंदांत दाबून मोकळं झालं, तर त्या उत्तरावरून त्या मुलाला काय येतं ते कळत नाही. बरोबर आलं तरी नाही आणि चुकलं तरी नाही. तिकडे शाळांत मॅप नावाची एक परीक्षा चालते, तिच्यात तर मूल असं भराभर दाबायला लागलं की देखरेख करणाऱ्या शिक्षकाला तिथल्या तिथे सूचना जाते. बाईंनी जाऊन विचारायचं, बाळा, बरं वाटत नाही का?

हे ऐकून आम्ही परत तो कागद उघडला, आणि आम्हाला जरा ओशाळायला झालं. पोरीची बाजू घ्यायच्या नादात आम्ही शेवटचे तीन प्रश्न बघितलेच नव्हते. त्यांच्यासमोर वेळ होता 4 सेकंद, 3 सेकंद, 5 सेकंद. वर्गाची सरासरी एकेक मिनिटाच्या वर. तिन्ही चूक. मुलीला विचारलं तर म्हणाली, कोपऱ्यातलं घड्याळ लाल झालं, घाबरले आणि दाबून टाकलं. हे तीन प्रश्न सोपे होते, एक तर नुसता शेकडेवारीचा. आपण शेकडा दोन रुपये व्याज काढतो तेवढंच. तिने ते आम्हाला तिथेच तोंडी करून दाखवलं.

म्हणजे ‘गती कमी’ हा शेरा अर्धा चूक होता, पण पोरीची परीक्षा नीट झाली होती असंही नाही. चौथ्या प्रश्नावर सहा मिनिटं दिली त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बारा प्रश्न तीस मिनिटांत करायचे असतील तर कुठे किती थांबायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे तर हे लागणारच आहे. बारावीनंतरच्या सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत असतात, एका प्रश्नाला दोन मिनिटंही येत नाहीत. बँक सखी व्हायचं तर आयआयबीएफची परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यावी लागते. शिकाऊ लायसन्सची परीक्षाही तशीच. तिथे घड्याळाशी भांडून उपयोग नाही.

पुढच्या सभेत आम्ही एक गंमत केली. कोलोराडो विद्यापीठाचे फेट नावाचे लुटुपुटूचे प्रयोग आहेत. नोबेल मिळालेले कार्ल वीमन नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2002 साली ते सुरू केले. मोबाइलवर फुकट चालतात, नेट तेवढं लागतं, आणि बरेचसे मराठीतही आहेत. त्यात सी-सॉचा प्रयोगही आहे. आम्ही तो उघडला आणि सात जणींनी आळीपाळीने करून बघितला. एकीने दुसऱ्या मोबाइलवर घड्याळ लावलं.

सगळ्यात आधी आमच्यातली सगळ्यात तरुण सून. मोबाइल तिच्या बोटांत मुरलेला. वीस सेकंदांत खेळ खलास आणि उत्तर चूक. इकडे तिकडे दाबलं, फळी एका बाजूला आपटली, तिने ‘झालं’ म्हटलं. मग जालन्याकडची एक मावशी. पन्नास सेकंदांत बरोबर. आम्ही चकित. ती म्हणाली, त्यात काय, लहानपणी बापाच्या बैलगाडीत कडबा भरताना हेच बघायचो, मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, मग पेंढ्या पुढे सरकवायच्या. तिला पडद्यावरचं शिकावं लागलंच नाही, ते अंगातच होतं. तिच्या पन्नास सेकंदांमागे पन्नास वर्षं होती, आणि ती काही घड्याळात दिसली नाहीत.

शेवटी आमच्या एका वयस्कर सदस्य. त्यांना लागली सात मिनिटं. पहिली चार मिनिटं तर त्यांनी बोटच लावलं नाही. आम्हाला वाटलं, समजलं नसेल. एकीने ‘अहो काकू, दाबा की’ म्हणून दोनदा टोकलंही. शेवटी त्यांनी विचारलं, याला हात लावला तर खात्यातले पैसे नाही ना जाणार? मागे कुणीतरी त्यांना लिंक पाठवून फसवायला बघितलं होतं, तेव्हापासून ती धास्ती बसली आहे. पैसे जात नाहीत हे पटल्यावर तीन मिनिटांत त्यांनी फळी आडवी केली. तुमच्या गटात मोबाइलचं प्रशिक्षण असेल तर हे लक्षात असू द्या. जी बाई नुसती बघत बसली आहे तिला येत नाही असं धरायच्या आधी तिला कसली भीती आहे का, ते विचारा. आम्ही स्वतः प्रशिक्षणं घेतो, आणि कितीतरी बायांना आम्ही या एका कारणाने मागच्या रांगेत बसवलं असेल, हे त्या दिवशी मनात आलं.

आमच्या देवनारचं नाव निघालं की लोकांना कचऱ्याचा डोंगर आठवतो, 1927 पासून मुंबईचा कचरा इथे पडतोय. पण याच देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आहे, टिस म्हणतात तिला, आणि शेजारी मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टिसने अमेरिकेतल्या एमआयटी आणि टाटा ट्रस्टबरोबर क्लिक्स नावाचा मोठा उपक्रम चालवला. राजस्थान, छत्तीसगढ, तेलंगणा, मिझोराम इथल्या सरकारी माध्यमिक शाळांतल्या मुलांसाठी गणित, विज्ञान, इंग्रजीचे धडे कॉम्प्युटरवर आणले. त्यात लुटुपुटूचे प्रयोग होते, खेळ होते. भूमितीत चौकोनांचे गुणधर्म ओळखायला लावणारा पोलिसांचा एक खेळ होता. ज्या व्यवस्थेवर हे धडे चालायचे, तिच्या बांधणीत होमी भाभा केंद्रातल्या प्रयोगशाळेचा हात होता. 2017 सालचा युनेस्कोचा पुरस्कारही या उपक्रमाला मिळाला.

हे इथे सांगायचं कारण वेगळं आहे. हे धडे खेड्यातल्या शाळांत चालवायचे होते. तिथे प्रत्येक मुलाला वेगळा कॉम्प्युटर कुठून येणार? नेटचाही भरवसा नाही. म्हणून शाळेतच एक मुख्य कॉम्प्युटर ठेवून बाहेरच्या नेटशिवाय सगळं चालेल असं केलं, आणि एका कॉम्प्युटरवर दोघं-तिघं बसले तर त्या सगळ्यांची नावं एकत्र नोंदवता येतील अशी सोय केली. मुलांनी एकमेकांशी बोलत शिकावं, हाही त्यात हेतू होता. आता विचार करा, तीन मुली एका पडद्यापुढे बसल्या आहेत, एक म्हणते इकडे सरकव, दुसरी म्हणते थांब, तिसरी हसते. नोंद झाली पाच मिनिटं. हा वेळ कुणाचा? भांडणाचा, विचाराचा, की एकीने दुसरीला समजावून सांगण्याचा? आणि मधेच वीज गेली तर? आपल्याकडे वर्गात टॅब आले आहेत, तिथे हे प्रश्न रोजचे आहेत. नावं एकत्र नोंदवली नसतील, तर जिच्या नावाने टॅब उघडला तिच्या एकटीच्या नावावर सगळ्यांची मिनिटं पडतात. तुमच्या मुलीच्या कागदावर विचित्र मोठा आकडा दिसला, तर टॅब तिच्या एकटीच्या हातात होता का, हे पहिल्यांदा विचारा.

आता आमच्या ताईचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही चौघी पालकसभेला तिच्याबरोबर गेलो. भांडायला गेलो नाही. वर्गशिक्षिकेला म्हटलं, बाई, एकूण वेळ आम्ही बघितला, पण पोरीने त्या वेळात काय केलं, ते दिसतं का? ती थांबली कुठे, हलवलं काय, किती वेळा? बाई जरा गोंधळल्या. मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला, इकडे तिकडे शोधलं आणि ते पान सापडलं. नऊ वेळा वीट ठेवल्याची नोंद होती, दर वेळच्या अंतरासकट. पहिलं बोट लागायच्या आधी एक मिनिट चाळीस सेकंद काहीच नाही, म्हणजे तो फल्क्रम. बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, हे पान आम्हीसुद्धा कधी उघडून बघितलं नव्हतं, आम्हाला छापील कागद येतो तोच आम्ही वाटतो. मग त्यांनी आपण होऊन आणखी एका मुलाचं पान उघडलं, ज्याला ‘गती उत्तम’ शेरा होता. त्याचं नाव आम्हाला दिसू दिलं नाही, तेही बरंच केलं. बारातले सात प्रश्न त्याने दहा सेकंदांच्या आत दाबले होते. बाई बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

शेरा बदलता येत नाही, तो यंत्रातून येतो, असं त्यांनी सांगितलं. पण कागदावर हाताने एक ओळ लिहून सही करून दिली. प्रयोगाच्या प्रश्नात पद्धत बरोबर आहे, इंग्रजी शब्द आणि वेळेचं वाटप यावर सराव हवा.

तुमच्या शाळेत जाल तेव्हा असंच साध्या शब्दांत विचारा. कुठल्या प्रश्नाला वेळ लागला, तो वाचायचा होता की करून बघायचा? उत्तर बरोबर आलं का? प्रश्न कुठल्या भाषेत होता? फार कमी वेळ लागलेले प्रश्न कोणते? शेवटचा प्रश्न विसरू नका. आया सगळ्या जास्त वेळाची काळजी करतात, कमी वेळाची कुणी करत नाही. टॅबवरचं ते पान शाळेकडे नसलं तरी घाबरू नका, मुलाला घरी निवांत विचारलं तरी बरंच कळतं. फक्त बापासमोर किंवा पाहुण्यांसमोर विचारू नका, मूल एका शब्दात उत्तर देऊन पळतं.

मुलीचा सराव आम्ही गटातच सुरू केला आहे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. आकडेमोडीचे प्रश्न असले की मोबाइलवर दीड मिनिटाचं घड्याळ लावतो. सुटला नाही तर खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. प्रयोग असला की घड्याळ बंद, हवं तेवढं करून बघ. आणि एक वही केली आहे, तिच्यात एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. फल्क्रम, टेकू पहिल्याच ओळीत आहे. वहीत आता आणखी दोघींच्या मुली लिहायला लागल्या आहेत.

तिच्या वडिलांना ताईने बाईंची सही असलेला कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि लाइट बिलांबरोबर ठेवून दिला. शिवणक्लासची फी भरायची तारीख 15 होती, ती उलटून गेली. त्यावर घरात अजून कुणी काही बोललेलं नाही. पुढची टॅबवरची परीक्षा दिवाळीच्या सुटीआधी आहे.